वायरीवरचा आळ

“मॅडम, एक तर तुम्ही घर बदला, नाहीतर आम्ही कोड बदलतो,” असं आमचे प्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले, आणि स्क्रीनवरच्या चौकटींमधली बाकीची मंडळी हसली. मीही हसले. हसावंच लागतं अशा वेळी, नाहीतर बाईमाणसाला विनोद कळत नाही असं होतं. पण कॉल संपल्यावर मी हेडफोन गादीवर असे आपटले की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “काय पडलं गं?”

“अजून काही पडलं नाही,” मी म्हणाले. “पुढच्या सोमवारी पडणार आहे.”

मी ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करते. फोन म्हणा, कॉम्प्युटर म्हणा, चालू केल्यावर सगळ्यात आधी जी उठते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते ती. आमच्या घरात हे काम आई करते. जगात तयार सिस्टीम भरपूर आहेत आणि चांगल्या आहेत. आमची प्रायोगिक आहे, म्हणजे ती अजून कुणी मागितलेली नाही. आम्ही काही माणसं वेगवेगळ्या गावांत बसून ती लिहितो. त्यातला नेटवर्कचा भाग माझा. सिस्टीमला बाहेरच्या जगाशी एक अक्षर बोलायचं झालं तरी माझ्या कोडमधून जावं लागतं. तीन वर्षं मी तो लिहिला, कुठून उचलला नाही, ओळ न् ओळ स्वतः बसवली.

आणि तो अधूनमधून पडायचा.

सारखा पडला असता तर मी देवाला पेढे ठेवले असते. सारखं दुखतं ते डॉक्टरला दाखवता येतं. दवाखान्याची पायरी चढताच जे थांबतं त्या दुखण्याचं काय करायचं? बनारसमधल्या आमच्या घरचा वायफाय मी याच सिस्टीमवर चालवते. हातभर नाही की वीतभर नाही, असं एक छोटं बोर्ड आहे, ते देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलंय, कारण घरातली तेवढीच जागा माकडांपासून सुरक्षित आहे. ते बोर्ड दोन-तीन दिवस गुण्यागोविंदाने चालायचं आणि मग एकदम नेट गायब. मिनिटाभरात ते स्वतःच उठून बसायचं, आणि चेहरा असा साळसूद की जणू काही झालंच नाही. मी एक वेगळी वायर काढून ते थेट लॅपटॉपला जोडलं, म्हणजे निदान पडताना काय बोलतंय ते कळेल. तर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कण्हत पडायचं. आज इथे दुखतंय, उद्या तिथे. त्याचा अर्थ एवढाच की मार आधी कुठेतरी बसलेला असतो आणि कळ नंतर येते. तो मार कधी बसतो ते मला सापडत नव्हतं.

बाकीच्यांकडे मात्र हे होत नव्हतं. फक्त माझ्याकडे, दूधविनायक मोहल्ल्यात. झालं! मग काय, सगळ्यांना गुन्हेगार मिळाला. “बनारस की वायरिंग है मॅडम, बंदर झूल रहे होंगे।” आमच्या गल्लीवरच्या तारांचे फोटो लोक हौसेने काढतात आणि जगभर दाखवतात, तसा एक फोटो एकाने भर मीटिंगमध्ये दाखवला सुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी केबलवाल्याला दोनदा बोलावलं. त्याने टोकापासून टोकापर्यंत लाइन तपासली आणि म्हणाला, “दीदी, लाइन तो मक्खन है।” हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर पुन्हा हशा. लोण्याचा दाखला कोण मानणार!

तेव्हा प्रमुखांनी ठरवलं की पुढच्या सोमवारी माझा भाग काढायचा आणि दुसरीकडचा तयार भाग आणून बसवायचा. माझं नाव राहील म्हणे. आभारात.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “चूक असेल तर ती आपल्या सिस्टीममध्ये आहे, माझ्या गल्लीत नाही. आणि सिस्टीममध्ये असेल तर ती माझी आहे आणि मला ती हवी आहे. ती न शोधता तुम्ही माझं काम उचलून फेकू शकत नाही.” ते म्हणाले, “मग दाखवा. सांगाल तेव्हा पाडून दाखवा.” त्यांचंही खरं होतं. जे हुकमी पाडता येत नाही ते दुरुस्त केलं हेही सिद्ध करता येत नाही.

त्या दिवशी मी जेवलेच नाही. आई ताट वाढून दोनदा आली आणि परत गेली. मी स्क्रीनसमोर बसून बोर्डाकडे डोळे वटारून बघत होते. एकच गोष्ट मला खटकत होती. ते पडायचं ते सकाळी लोक गंगेवर जातात-येतात त्या वेळी, नाहीतर संध्याकाळी घाटाकडून गर्दी परतते तेव्हा. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, कधीच नाही. लोक चालतात त्याचा माझ्या कोडशी काय संबंध? मी सहज बघितलं की आत्ता आपल्या वायफायवर कोण कोण आहे. घरात फोन दोन, एक माझा आणि एक आईचा. स्क्रीनवर मात्र अख्खी वरात.

“आई, आपल्या वायफायवर हे कोण लोक आहेत?”

“कोण म्हणजे?” आई पोळी शेकता शेकता म्हणाली. “विचारतात, तर सांगते मी पासवर्ड. नाही कसं म्हणायचं? पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण?”

“कुणाकुणाला सांगितलास?”

“ते काय लक्षात ठेवायचंय? दूधवाला, खालचे शुक्लाजी, शाळेतल्या माझ्या मुली… मुली म्हणजे आता त्यांना मुलं झालीत म्हणा. आणि मंगला गौरीच्या देवळाजवळच्या काकू. त्यांचा तर इथून जाता-येता आपोआपच लागतो म्हणे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आईने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे ‘आईची मुलगी’ या नात्याने अर्धं बनारस माझी बहीण लागतं, आणि त्या सगळ्या बहिणींचे फोन माझ्या बोर्डावर येऊन जाऊन होते! पण मारलेला हात तसाच कपाळावर राहिला, कारण माझ्या डोक्यात उजेड पडला होता. बाकीच्यांनी त्यांच्या प्रयोगशाळांत शेकडो फोन लावून बघितले होते, पण ते नकली फोन, प्रोग्रामने बनवलेले. शिस्तीत येणारे, सांगून जाणारे. माझ्या गल्लीतले फोन कधी सांगून गेलेत? ते जिन्याच्या कोपऱ्याशी येतात, वळतात, विसरतात, परत येतात.

तर मला हवे होते खरे फोन, खूप सारे, एका वेळी एका घरात, माझ्या डोळ्यांसमोर. आणि हवे होते ते शुक्रवारी-शनिवारी, कारण सोमवार डोक्यावर होता. पंचवीस-तीस बायका आपापले फोन घेऊन माझ्या घरी कशाला येतील?

चैत्र चालू होता. आईने पन्ह्याला कैऱ्या आणून ठेवल्या होत्या. मी त्या कैऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “आई, यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू करू या. शुक्रवारी.”

आईच्या हातातला चिमटा थांबला.

बाबा गेल्यापासून आमच्या घरी गौर बसली नव्हती. पितळेची गौर आणि तिचा छोटा झोपाळा माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला. पूर्वी दूधविनायकात आमच्या घरची आरास बघायला बायका लांबून यायच्या, आई कलिंगडाची फुलं कापायची. बाबा गेले तेव्हापासून आईला हळदीकुंकवाचं बोलावणंच येत नव्हतं. एरवी सगळे यायचे, बसायचे, पासवर्ड घ्यायचे. फक्त चैत्रात आणि संक्रांतीला बोलवायला निघालेल्या बायका आमचा जिना तेवढा सोडून पुढे जायच्या. कुणी वाईट बोलत नव्हतं. रीत आहे म्हणायच्या. मला त्या रीतीचा मनस्वी राग आहे, पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी तो राग गिळूनच होते.

“वेडी आहेस का?” आई म्हणाली. “या घरात सवाष्ण कुठंय? तू लग्न केलं नाहीस आणि मी ही अशी. हळदीकुंकू करणार कोण?”

“मी करणार. कुमारिकेला चालतं.”

“चाळिशीच्या कुमारिकेला?”

“वयाची अट कुठे लिहिलीय ते दाखव मला.”

आई हसली. मग पोळी उलटत म्हणाली, “कर तू. मी आत बसेन.”

“तू बाहेर बसशील. गौरीशेजारी. नाहीतर मला करायचंच नाही आणि जाऊ दे माझं काम खड्ड्यात.”

ही दमदाटी होती हे मला कळत होतं. आईलाही कळत होतं. पण माझं काम जाणार हे तिला मी सांगितलेलं होतं आणि तिला माझ्या कामातलं ओ की ठो कळत नसलं तरी सोमवार कळत होता. तिने दुसऱ्या दिवशी डाळ भिजत घातली. मी बोलवायला निघाले. प्रत्येक दारात सांगत होते, “शुक्रवारी हळदीकुंकवाला या, आणि फोन घेऊन या हं!” बायकांना वाटलं फोटो काढायचे असतील.

शुक्रवारी आरास झाली. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगड, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्ह्याचं पातेलं. आणि गौरीच्या डाव्या बाजूला, जिथे लोक समई ठेवतात, तिथे माझा लॅपटॉप. आईने त्यालाही हळदीकुंकू लावलं. बोर्डावर मी मुद्दाम एक कंजूषपणा करून ठेवला होता. घरात आलेल्या प्रत्येक फोनला ते एक नंबर देतं, पंगतीत पाट देतात तसा. फोन उठून गेला की थोड्या वेळाने तोच पाट दुसऱ्याला. मी पाट मोजकेच ठेवले आणि वेळ अगदी कमी केला, म्हणजे रोज गल्लीत जे दोन-तीन दिवसांत होतं ते दोन-तीन तासांत व्हावं.

बायका यायला लागल्या. रेल्वे कॉलनीतल्या आल्या, विद्यापीठातल्या आल्या, बँकेत बदली होऊन नुकत्या आलेल्या नागपूरच्या वहिनी आल्या. सगळ्यांत आधी आल्या होत्या त्या मंगला गौरीच्या काकू. या नात्याच्या नव्हेत, पण आमच्या मराठी घरांमधला शेवटचा शब्द त्यांचा. कुणाच्या मुंजीत काय चुकलं, कुणाच्या लग्नात कुठला मान राहिला, हे त्या बोलल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. त्या खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या आणि फोनवर भजन लावून ऐकू लागल्या, अर्थातच माझ्या नेटवर.

मी कुंकवाचा करंडा उचलला. पहिलं कुंकू घरातल्या मोठ्या बाईला लावायचं, तर मी आईसमोर गेले. आईने मान मागे घेतली. मी तिची हनुवटी धरली आणि लावलं.

खोलीतलं बोलणं थांबलं. काकूंचं भजन तेवढं चालू होतं.

“हे काय चाललंय?” काकू म्हणाल्या.

“हळदीकुंकू चाललंय,” मी म्हणाले.

“मला चालत नाही हे. शिकलेली असशील तुझ्या घरी. बाई, तुला तरी कळायला नको का?” हे शेवटचं आईला. आणि त्या उठल्या. पन्हं नाही, डाळ नाही, ओटी नाही. फोन हातातच, भजन वाजतंच, तशा ताडताड जिना उतरून गेल्या. भजन गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आलं आणि थांबलं.

आई पदराने कपाळ पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. “पुसायचं नाही,” मी म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आणखी कुणाला जायचं असेल तर खुशाल जा. इथे जी बसेल तिला माझी आईच डाळ वाढेल.” दोघी-तिघी ताटाकडे बघत राहिल्या. एक जण जरा चुळबुळली. पण नागपूरच्या वहिनी आईपुढे हात करून म्हणाल्या, “वाढा ना काकू, मला जास्त वाढा, आमच्याकडे कैरीच मिळत नव्हती धड.” मग हळूहळू बोलणं सुरू झालं, आणि बायकांनी फोन काढून गौरीचे फोटो घरी पाठवायला सुरुवात केली.

मला खूप रडू येत होतं आणि एका डोळ्याने मी स्क्रीन बघत होते. काकूंचा पाट रिकामा झाला. थोड्या वेळाने नागपूरच्या वहिनींचा फोन जागा झाला आणि बोर्डाने तोच पाट त्यांना दिला. सगळं सुरळीत. इतकं सुरळीत की माझा धीर सुटत चालला. इतका तमाशा झाला, आईचा भर बायकांत अपमान झाला, आणि बोर्ड मेलं ढिम्म हलत नव्हतं! सोमवारी मी काय सांगू? आमच्याकडे डाळ छान झाली होती म्हणून?

तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. काकू परत येत होत्या. पुढे त्यांनीच सांगितलं की घरी जाऊन बसल्या, तर बोलायचं निम्मं राहून गेलं असं वाटलं, ते बोलायला आल्या. त्या दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला, “मी म्हणते—” एवढं म्हणाल्या, आणि माझा लॅपटॉप लाल ओळींनी भरून गेला.

“नेट गेलं गं,” कोणीतरी म्हणालं.

“माझं पण!”

“सापडला!” मी किंचाळले आणि उठून काकूंना मिठीच मारली. त्या भांडायला आल्या होत्या. मी लॅपटॉपकडे धावले, बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे धावले. “काकू, परत जा!”

“घालवतेस मला?” काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “घरातून घालवतेस?”

“परत जा आणि परत या! वळणाच्या पलीकडे जा, जरा थांबा, आणि या. हात जोडते. फोन बरोबर घेऊन जा. पुढचं तुमचं भांडण मी सगळं ऐकून घेते, शब्दाने बोलणार नाही.”

“हिला उन्हाचं काही झालंय का?” काकूंनी आईला विचारलं. हे त्या आईशी बोलल्या, रागाच्या भरात विसरून बोलल्या.

आई उठली. कपाळावर ते कुंकू तसंच. काकूंना म्हणाली, “वहिनी, तिचं काम जायची पाळी आलीय सोमवारी. तुमच्यामुळे वाचेल म्हणतेय. चला, मी येते तुमच्याबरोबर वळणापर्यंत.”

आणि दोघी निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. भर उन्हात दोघी पदर डोक्यावर घेऊन वळणापर्यंत गेल्या, पलीकडे दिसेनाशा झाल्या. काकूंचा पाट सुटला. मी नागपूरच्या वहिनींना फोन चालू ठेवायला सांगितलं. पाट त्यांना गेला. दोघी परत आल्या, काकूंचा पाय जिन्यावर पडला आणि बोर्ड पडलं. हुकमी! मी पुन्हा पाठवलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा बायका खिडकीत गर्दी करून बघायला लागल्या आणि नेट गेल्यावर टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळत नव्हतं, पण काकू आल्या की नेट जातं एवढं सगळ्यांना पटलं आणि भलतंच आवडलं.

झालं होतं ते असं. काकूंचा जुना फोन परत आला की विचारत बसत नव्हता, सरळ म्हणत होता, “हा माझा पाट.” आणि माझा कोड त्याचं ऐकून पाटावरचं नाव पुसत होता आणि पाटच ओढून घेत होता. पण त्या पाटावर नागपूरच्या वहिनी बसून जेवत होत्या! त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नाही. त्या जिथे बसल्या होत्या तिथे आता भलतंच काहीतरी मांडलेलं, त्याच्यावर त्यांचं ताट. मग जे काय सांडायचं ते सांडत होतं, दर वेळी वेगळं.

वळणापर्यंत जाता-येता दोघी काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. आईने सांगितलं नाही. शेवटच्या खेपेला दोघी घामाघूम होऊन वर आल्या, काकू खुर्चीवर न बसता सतरंजीवर आईशेजारी टेकल्या आणि पन्ह्याचे दोन पेले प्यायल्या. डाळ खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं काही त्या बोलल्या नाहीत, कुंकवाचा विषयही निघाला नाही. पण निघताना उभ्या राहिल्या आणि पदर पुढे पसरला.

“माझी ओटी राहिली,” त्या म्हणाल्या.

मी हरभऱ्याच्या परातीकडे वळले, तर काकूंनी मान हलवली. पदर आईच्या समोर धरलेला होता. आईने माझ्याकडे बघितलं, मग परातीत ओंजळ घातली आणि काकूंच्या पदरात रिकामी केली. चार दाणे खाली पडले. काकूंनी ते वाकून उचलले आणि पदरात टाकले.

रविवारी मी दुरुस्ती केली. दुरुस्ती एवढीशी. परत आलेल्या फोनने जुना पाट मागितला तर आधी बघायचं की त्यावर कोणी बसलंय का. बसलं असेल तर त्याला हलवायचं नाही, आणि आलेल्यालाही हाकलायचं नाही, दुसरा पाट द्यायचा. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे उठून गेलेलं माणूस परत आलं तर त्याला ये, बस म्हणायचं. एवढंच?”

“एवढंच.”

“तीन वर्षं लागली तुम्हाला?”

 

सोमवारी सगळ्या चौकटी हजर होत्या. मी म्हणाले, “चूक माझी आहे, ही बघा, या ओळीत. वायर निर्दोष आहे.” आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या बोर्डावर, त्यांच्या गुळगुळीत लाइनवर, त्यांच्यासमोर पाडून दाखवलं. तीनदा पाडलं. मग दुरुस्ती बसवली आणि पडत नाही तेही दाखवलं. कुणी हसलं नाही. प्रमुखांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, “पण मॅडम, असं प्रत्यक्षात होतं का? कोणी उठून जातं, त्याची जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि तो परत येऊन तीच मागतो?”

“तुमच्याकडे होत नसेल,” मी म्हणाले. “आमच्याकडे रोज होतं. तुमचे फोन एकदा गेले की परतच येत नाहीत, म्हणून तीन वर्षं तुम्हाला कळलं नाही आणि माझ्या गल्लीला कळलं. तेव्हा माझा भाग कुठे जाणार नाही, आणि तो वायरींचा फोटो पुन्हा दाखवायचा नाही.”

“नाही दाखवणार,” ते म्हणाले. माझा भाग राहिला.

आता त्या चुकीची एक चाचणी आम्ही सिस्टीममध्येच घालून ठेवली आहे. कुणीही, कुठल्याही गावात, कोडची एक ओळ बदलली की ती आपोआप चालते: एक फोन रागावून जातो, दुसरा त्याच्या जागी बसतो, पहिला परत येतो. चाचणीचं नाव मी ‘काकू’ ठेवलंय. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “म्हणजे रोज मला घराबाहेर घालवता?”

“रोज परत पण बोलावतो,” मी म्हणाले.

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षी चैत्रात आईला हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं त्यांचंच आलं, आणि तिच्यापाठोपाठ बाकीच्याही आमचा जिना चढून आल्या.

घर आम्ही बदललेलं नाही. वायर तीच आहे, तिच्यावर माकडं झोके घेतात, आणि पासवर्डही तोच आहे. जो विचारेल त्याला आई सांगते.